डॉजर्स १९५५ : सातव्या सामन्याचं पान झालं एकदाचं

ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा १९५५चा मोसम स्कोअरबुकात हातानं उतरवायचं काम वर्ल्ड सीरिजच्या (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, आधी चार सामने जिंकेल तो विजेता) शेवटच्या सामन्यापर्यंत आलंय. साधनं तीच: चौकटीची वही, पट्टी, शिसपेन्सिल, आणि खेळाडू बदलला की लाल रेघ. मोसमातले सामने निवडूनच घेतोय. सगळे घ्यायचे म्हटलं तर इकडे माझी पेन्शन सुरू होईल.

एप्रिल-मेची पानं भराभर उरकली. पहिले दहाच्या दहा सामने जिंकले, पहिल्या २४ पैकी २२. ८ सप्टेंबरला नॅशनल लीगचं विजेतेपद खिशात आणि शेवटी ९८ विजय, ५५ पराभव. दुसऱ्या नंबरचं मिलवॉकी साडेतेरा सामने मागे. संघ भारी होता, पण पानं एकसुरी.

रमलो ते डॉन न्यूकमच्या ओळीत. पिचर (चेंडू टाकणारा) बॅटिंगला सहसा कच्चा, त्यामुळे त्याची ओळ भरताना हात आपोआप आउटचे आकडे लिहीत जातो; इथं तसं जमत नाही. गडी पिचर म्हणून २०-५ (विजय-पराभव), आणि बॅटिंग सरासरी .३५९ (हजारात ३५९ हिट), वर सात होम रन! मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन त्याला पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारा) म्हणूनही पाठवायचा.

सीरिजचा न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा पहिला सामना, आठवी इनिंग: जॅकी रॉबिन्सननं त्यांचा पिचर व्हायटी फोर्डच्या नाकासमोर होम चोरलं, म्हणजे कुणाच्या फटक्याविनाच तिसऱ्या बेसवरून धावत येऊन रन काढली. यांकीजचा कॅचर योगी बेरा पुढं आयुष्यभर 'आउटच होता' म्हणत राहिला. असेल बाबा, पण वहीत पंच बिल समर्सचाच शब्द चालतो, त्यामुळे चौकोनाची चौथी बाजू (एका बेसला एक बाजू, चौथी ओढली की रन) मी ठसठशीत ओढली. सामना मात्र यांकीजनीच ६-५ असा मारला, आणि दुसराही ४-२. मग घरच्या एबेट्स फील्डवर डॉजर्सनी लागोपाठ तीन काढले. त्यातला पहिला, ३० सप्टेंबरचा, पिचर जॉनी पॉड्रेसचा; त्याच दिवशी तो २३ वर्षांचा झाला. सहावा सामना यांकीजचा, म्हणजे ३-३.

आता ४ ऑक्टोबर, यांकी स्टेडियम. डॉजर्सच्या सँडी अमोरोसचा सहाव्या इनिंगमधला कॅच आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण मला वाटतं, त्याची खरी नोंद यांकीजच्या बॅटिंगच्या पानावर नाहीच. ती समोरच्या, डॉजर्सच्या पानावर आहे.

त्याच इनिंगचा वरचा भाग, म्हणजे डॉजर्सची बॅटिंग, बघा. रीसचा सिंगल (एका बेसचा हिट), स्नायडरच्या बंटवर (बॅटनं हळूच ढकललेला चेंडू) यांकीजच्या स्कॉवरनची चूक, कॅम्पानेलाचा बंट, फुरिलोला मुद्दाम दिलेला वॉक (चार चुकीच्या चेंडूंनंतर फुकटचा फर्स्ट बेस). बेस भरले. हॉजेसच्या सॅक फ्लायवर (झेल जाऊनही रन देणारा उंच फटका) रीस घरी, २-०. पहिली रनही चौथ्या इनिंगमध्ये हॉजेसच्याच सिंगलवर आली होती. होक वॉकवर गेला, बेस पुन्हा भरले, आणि ऑल्स्टननं डॉन झिमरच्या जागी जॉर्ज शुबाला पाठवलं. शुबा आउट, इनिंग खलास. कागदावर हा डाव फसलेला.

पण झिमर सेकंड बेसचा माणूस. तो गेला म्हणून जिम गिलियम लेफ्टवरून तिकडे सरकला आणि मोकळ्या लेफ्ट फील्डवर अमोरोस आला. वहीत हे दिसतं ते असं: झिमरच्या नावापुढं लाल रेघ, गिलियमच्या नावापुढं ७ खोडून ४, आणि अमोरोसचं नवं नाव, ७. (आकडे जागांचे: १ पिचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड.)

उजव्या, यांकीजच्या पानावर मार्टिनचा वॉक, मॅकडूगल्डचा बंट सिंगल, आणि बेराचा लेफ्टच्या फाउल रेषेकडे वळत गेलेला उंच फटका. अमोरोस डावखुरा, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात, रेषेच्या बाजूला. धावत जाऊन हात लांबवला आणि झेललाच. गिलियमचा ग्लोव्ह डाव्या हातात. त्याला तो अंगावरून आडवा न्यावा लागला असता. अमोरोसकडून चेंडू रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, मॅकडूगल्ड फर्स्टवर परत पोचायच्या आत (झेल गेला की धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावं लागतं). ७-६-३, डबल प्ले, एका फटक्यावर दोन आउट. हे तीन आकडे लिहिताना पेन्सिलीला मुद्दाम टोक काढलं होतं.

पॉड्रेसनं आठ हिट दिले, रन एकही नाही. मोसमात ९-१० असलेला हा पोरगा! नववी इनिंग: १-३, ७, ६-३. शेवटचा तो रीस ते हॉजेस. १९१६पासून सात वर्ल्ड सीरिज हरलेल्या ब्रुकलिनची ही पहिली, आणि ब्रुकलिनमध्ये असतानाची एकुलती एक. १९५७चा मोसम संपल्यावर संघ लॉस एंजेलिसला गेला. रॉबिन्सन त्या दिवशी खेळलाच नाही, तिसऱ्या बेसच्या ओळीत होकचं नाव लिहावं लागतं. मला ते अजूनही खुपतं.

पुढचं पान २७ ऑगस्टचं घेतोय: सिनसिनाटीविरुद्ध डॉजर्सचा १९ वर्षांचा पिचर सँडी कूफॅक्सचे १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) आणि शटआउट (समोरच्यांना एकही रन नाही). बॅट न हलवता झालेल्या स्ट्राइकआउटला मी उलटा के काढतो (एरवी स्ट्राइकआउटची खूण सरळ K). तुमच्यापैकी कुणी त्यासाठी वेगळा रंग वापरत असाल तर सांगा, पान आखायच्या आधी ठरवायचंय.