तुम्ही विचारलंत म्हणून: गेट-ऑर-एल्स दिसलं की मी कोड रिव्ह्यू का अडवतो

गेट-ऑर-एल्स म्हणजे मूल्य असेल तर ते घ्या, नसेल, म्हणजे 'नन' असेल, तर कंसात लिहिलेलं वापरा, असं सांगणारी कोडमधली सोय. तिच्याशी माझं वैर नाही. पानावर किती ओळी हव्यात ते कुणी सांगितलं नाही तर वीस धरा, भाषा निवडली नाही तर मराठी धरा. तिथे मी कधी हरकत घेतली? तरी टीममध्ये आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतोच, "सर, 'नन'च्या जागी शून्य टाकलं तर बिघडलं कुठे?"

नाशिककडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बिघडलं. द्राक्षं शून्य ते उणे एक अंशाच्या आसपास ठेवतात. रात्री एक फेज गेली. कॉम्प्रेसर ट्रिप झाला, आणि सेन्सरही त्याच फेजवर. रीडिंग येणं थांबलं. कोडमध्ये ते अगदी शिस्तीत 'नन' म्हणून आलं, कंपायलर खूश. स्क्रीनवर जाण्याआधी मात्र एक ओळ होती: गेट-ऑर-एल्स, कंसात शून्य. सेन्सर मेला आणि स्क्रीनवर आदर्श तापमान झळकलं. अलार्म तापमान वाढलं की वाजणारा. शून्याला तो कशाला वाजेल? सकाळी दार उघडलं तेव्हा घडांवर पाणी सुटलं होतं. कोड तपासायला मला बोलावलं, तेव्हा रात्रपाळीचा माणूस मालकांसमोर वही धरून उभा होता. "साहेब, दर तासाला बघितलंय मी." वहीत शून्यांची रांग. मालकांना वाटलं, झोपून उठल्यावर एकदम लिहिली. ती ओळ दाखवून मी समजावलं. पटलं नाही त्यांना.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या प्रोग्रॅमिंग भाषेत आणलेल्या नलला, म्हणजे 'इथे काहीच नाही' सांगणाऱ्या जुन्या खुणेला, आपण शिव्या घालतो, कारण ती मूल्य समजून वापरायला गेलं की प्रोग्रॅम कोसळतो. त्या रात्री नल असता तर निदान प्रोग्रॅम कोसळला असता!

(जावा भाषेत याच सोयीला ऑर-एल्स म्हणतात; तिथे कंसातलं आधीच मोजलं जातं, स्काला भाषेत गरज पडली तरच, यावर तुम्ही तासभर भांडता. कंसात काय लिहायचं यावर कुणी भांडत नाही.)

त्यानंतर काही काळ मी सरसकट बंदी घातली होती. मॅच लिहा, म्हणजे मूल्य असेल तर काय आणि 'नन' असेल तर काय, या दोन फांद्या वेगळ्या लिहा, म्हणायचो. लोकांनी मॅच लिहिलं आणि 'नन'च्या फांदीत तेच शून्य टाकलं. तरीही तेव्हाचा मी अगदीच चुकत होतो असं नाही. तीन ओळी लिहिताना एखादा तरी थांबून विचार करतो. आता मी एवढंच मागतो की रिकामं मूल्य रिकामंच पुढे जाऊ द्या, त्याचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याच्यापर्यंत.

"मग बिलिंगमधलं सवलतीचं शून्य कसं पास केलंत?" असं परवा विचारलंत. सवलत नाही म्हणजे शून्य सवलत, हे मला पटलं होतं. पण सवलत अजून ठरायची असेल, तर तेही तिथे 'नन' म्हणूनच येतं का? ते मी अजून बघितलेलं नाही.