अळणी आणि तर्री: कोल्हापूर-नागपूरच्या जेवणाविषयी

रविवार, आषाढ

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून सुटते आणि पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला करत नागपूरवरून गोंदियाला जाते. तिच्या दोन टोकांचे लोक एका पंगतीला बसले की वाद ठरलेला: जास्त तिखट कोण? कोल्हापूरचा तांबडा रस्सा की नागपूरची सावजी?

हा वाद मला वायफळ वाटतो. तिखट काय, दोन्हीकडे सांगून कमी-जास्त करता येतं. विचारायचं ते हे, की चुलीवर आधी काय चढतं? कोल्हापुरात आधी अळणी चढते, म्हणजे तिखट-मसाला न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी. सावजीच्या घरात आधी मसाला भाजायला घेतात. ताट कसं येतं, हॉटेल केवढं असतं, रस्सा हवा तेवढा मिळतो की वाटीवर, आणि तेच जेवण दुसऱ्या गावात गेलं की का बिघडतं, हे सगळं पुढे त्यावरूनच ठरत जातं.

सोमवार

अळणीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण कोल्हापूरच्या बाहेर तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. १ किलो हाडासकट मटण घ्यायचं, त्यात नळी आणि मानेचे तुकडे हवेतच. आलं-लसणाचं वाटण २ चमचे, मीठ, आणि हळद चिमूटभरच. हळद सैल हाताने पडली की पांढरा रस्सा पिवळा होणार, मग पुढे काहीही करून तो रंग परत येत नाही. मटण थोड्या तेलावर कांद्याबरोबर परतून पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचं आणि ताटात पाणी ओतायचं. मटणाला आधी स्वतःचं पाणी सुटतं; मग ताटातलं तापलेलं पाणी थोडं थोडं आत सोडत जायचं, एकूण दोन-अडीच लिटर. गार पाणी एकदम ओतलं की मटण आखडतं. वर येणारा फेस काढत राहायचा. मंद आचेवर सव्वा ते दीड तास. कुकरमध्ये काम २० मिनिटांत होतं, मटणही शिजतं, पण अळणीला अंग येत नाही. चांगली अळणी गार झाली की थलथलीत होते आणि कोमट पिताना ओठांना किंचित चिकटते. ही खूण बघायला शिकलं की कुठल्याही खानावळीची परीक्षा पहिल्या वाटीतच होते.

पांढऱ्यासाठी २ चमचे खसखस, २ चमचे पांढरे तीळ आणि १०-१२ काजू (किंवा मगज) तासभर भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं. जाडसर राहिलं तर वाटीच्या तळाशी रवाळ गाळ बसतो. एका नारळाचं घट्ट दूध वेगळं काढून ठेवायचं. तुपावर दालचिनी, ४ लवंगा, ४ वेलच्या, मिरी आणि चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाकायच्या, मग वाटण घालून मंद आचेवर परतायचं. त्याचा कच्चट वास जायला हवा, पण त्यावर लाली चढता कामा नये. लीटरभर गरम अळणी घालून १० मिनिटं उकळी, मग आच अगदी बारीक करून नारळाचं दूध. यानंतर उकळी आली की रस्सा फुटलाच: वर तुपाचे डोळे, खाली चोथा. हॉटेलात पांढरा रस्सा दिवसभर गरम ठेवावा लागतो, त्यामुळे हा धोका रोजचा. शहाणे खानावळवाले अळणी-वाटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात तयार ठेवतात आणि दूध लागेल तसं थोड्याथोड्या रश्श्यात घालतात. बाकीचे कॉर्नफ्लॉवर लावतात. तो ओळखणं सोपं आहे, वाटी पाच मिनिटं तशीच ठेवली की वर चिकट साय धरते.

तांबडा मात्र त्यामानाने सोपा. भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, धने यांचं वाटण आणि ३-४ चमचे कांदा-लसूण चटणी. रंग ब्याडगी मिरचीचा, ठसका संकेश्वरीचा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून ठेवलेली असली की अर्धं काम आधीच झालेलं असतं. चटणी गरम तेलात पडली की लगेच अळणी ओतायची. तेवढ्यात फोन आला तर चटणी करपते आणि अख्खं पातेलं कडवट होतं. तांबडा रस्सा पातळच असतो, वाटीने प्यायचा. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ म्हणून जी लाल, दाट, टोमॅटो घातलेली ग्रेव्ही देतात तिचा या पातेल्याशी काही संबंध नाही, आणि ‘व्हेज कोल्हापुरी’शी तर कोल्हापूरच्या घरांचाही नाही. या पाटीने कोल्हापूरचं फार नुकसान केलंय.

मंगळवार

सावजी म्हणजे हलबा कोष्टी समाजाच्या घरचं जेवण. हा विणकरांचा समाज. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्या, पुढे यंत्रमाग, आणि हातमागावरचं पोट आटत गेलं. तशी कित्येक घरांनी आपली चूल लोकांसाठी उघडली. महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत सावजी भोजनालयांची दाटी आहे ती यामुळेच. पुष्कळ ठिकाणी अजूनही पुढे बाकडी आणि मागे घर.

इथे अळणी नाही. इथे धने, जिरे, शहाजिरे, मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, तेजपान, दगडफूल, जायपत्री, बाद्यान, खसखस, तीळ असं एकेक जिन्नस वेगवेगळं भाजलं जातं. एकत्र टाकलं तर खसखस करपते आणि धने कच्चे राहतात. वेगळं भाजण्याचा कंटाळा केलेला मसाला पहिल्या घासाला कळतो, मागे एक धुरकट कडूपणा रेंगाळतो. दगडफूल हात राखून. १ किलो मटणाच्या मसाल्याला १ चमचा पुरे, जास्त झालं तर रस्सा मातकट लागतो. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं. अंग येण्यासाठी थोडं भाजलेल्या ज्वारीचं पीठ. टोमॅटोची गरज नसते, दह्याची तर नाहीच.

मग तेल. १ किलोला पाव लिटरच्या आसपास, आणि हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक दचकतात. पूर्वी जवसाचं असायचं. त्याला स्वतःचा उग्र वास असतो आणि ते लवकर खवट होतं, म्हणून आता बहुतेक जण दुसरं तेल वापरतात. वाटण या तेलात २०-२५ मिनिटं परतायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. सावजीची सगळी मेख या २५ मिनिटांत आहे. त्यात मटण, मग उकळतं पाणी, आणि शेवटी आच बंद करून अर्धा तास झाकण उघडायचं नाही. तेवढ्या वेळात तेल मसाल्याचा रंग आणि वास घेऊन वर येतं. हीच तर्री. घाईने वाढलेल्या सावजीला तर्री नसते, नुसता काळा रस्सा असतो. आणि तेल कमी केलं तर मसाला परतलाच जात नाही, म्हणून ‘कमी तेलातली सावजी’ चवीला नेहमी कच्ची.

तिखटाचा फरकही इथेच कळतो. कोल्हापूरचं तिखट मिरचीचं, जिभेच्या शेंड्याला लगेच लागतं आणि पांढऱ्याच्या दोन घोटांत उतरतं. सावजीत मिरचीच्या जोडीला मिरी-लवंगेचा जोर असतो. पहिले चार घास काहीच वाटत नाही, मग घशाखाली ऊब चढत जाते आणि कपाळावर घाम येतो. म्हणून पहिल्या घासावरून सावजी सौम्य आहे असं ठरवून तर्री मागू नये.

बुधवार

हॉटेलांचं गणित आज नीट मांडून ठेवतो. अळणी ही मटण शिजवताना आपसूक मिळते. रोज भरपूर मटण खपणाऱ्या ठिकाणी ती भरपूर असते, म्हणूनच कोल्हापुरात ताटाबरोबर तांबडा-पांढरा हवा तेवढा वाढणं परवडतं. लक्ष्मीपुरीतलं पद्मा असो की ओपल, मोठी पातेली आणि भरलेली टेबलं हाच तिथला पाया. दिवसाला थोडंच मटण खपणाऱ्या छोट्या हॉटेलाने तशीच थाळी लावली की अळणी दुपारीच संपते आणि संध्याकाळी पातेल्यात पाणी, पावडर आणि कॉर्नफ्लॉवर येतं. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच ‘अस्सल कोल्हापुरी’ पांढऱ्या रश्श्यांचं दुखणं हेच आहे. आचारी कोल्हापूरचा आणून ते बरं होत नाही.

सावजीचं उलट. मसाला हवाबंद डब्यात महिना-दोन महिने चांगला राहतो, चव परतण्यातून येते, त्यामुळे चार किलो मटणावरही भोजनालय उत्तम चालतं. म्हणून ती लहान, गल्लीतली, घरच्यांनी चालवलेली. वाढणं प्लेटवर: मटण, चिकन, खूर, मुंडी, कलेजी, जे हवं ते वेगळं मागायचं. पण हे जेवण मोठ्या हॉलमध्ये नेलं की ढासळतं. ५० लोकांचं वाटण एकाच कढईत टाकलं की ते भाजलं न जाता वाफेवर शिजतं. लग्नाच्या पंगतीतली सावजी फिकी लागते ती याचमुळे.

शाकाहारी माणसाला मी आधी नागपूरला पाठवेन. पाटोडी रस्सा आणि डाळ-कांदा हे सावजी मसाल्याचे स्वतंत्र, पूर्ण पदार्थ आहेत. पाटोडीला १ वाटी बेसनाला दीड-दोन वाट्या पाणी, फोडणीत घोटून घट्ट गोळा करायचा, थापून वड्या पाडायच्या आणि पानात वाढतानाच त्यांच्यावर रस्सा ओतायचा. रश्श्यात उकळल्या तर पिठलं होतं. कोल्हापुरात शाकाहाऱ्याला मिसळ फक्कड मिळते, पण जेवणाच्या ताटात तो थोडा उपराच राहतो, कारण अळणीला पर्याय नाही.

गुरुवार

जाणाऱ्यांसाठी थोडंसं. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. ताजं मटण आणि भरलेली अळणी या दिवशी हमखास. दुपारी साडेबाराच्या सुमाराला जावं. पांढरा आधी, रिकाम्या पोटी, नुसता; मग सुकं मटण आणि तांबडा भाकरीशी; शेवटी भातावर दोन्ही रस्से मिसळून. पांढरा गार आला तर परत पाठवावा, त्यात गैर काही नाही. आषाढात टेंबलाईच्या जत्रेमुळे घरोघरी मटण असतं, आणि श्रावणात बऱ्याच खानावळी थंड पडतात.

नागपुरात सावजीकडे रात्री जावं. दुपारचं पातेलं मुरून तर्री स्थिरावलेली असते. दोघांत एक मटण, एक पाटोडी, आणि तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्यावी म्हणजे आपल्या बेताने ओतता येते. खूर असेल तर मटण कमी घ्यावं, कारण खुराचा रस्सा दाट आणि जड. लिंबू भरपूर, कांदा भरपूर. दही मागू नये, तेलावर ते फुटतं आणि मसाल्याचा वासही मारतं. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मात्र टेबल मिळेल या भरवशावर जाऊ नये. त्या दिवशी डबा घेऊन सकाळीच सांगून ठेवलेलं बरं.

दोहोंत निवडायचंच झालं तर रश्श्यासाठी कोल्हापूर, मटणाच्या तुकड्यासाठी नागपूर. कोल्हापुरात तुकड्याचा अर्क अळणीत उतरलेला असतो, म्हणून सुक्याला चटणीचा आधार लागतो. सावजीत मटण सुरुवातीपासून मसाल्यातच शिजतं आणि हाडापर्यंत मुरतं. उरलंच तर सावजी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चांगली लागते. पांढरा रस्सा मात्र त्याच दिवशी संपवायचा, परत गरम केला की तो फुटतो.