कानातला आवाज आणि वाक्याचा कर्ता

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या मुख्य बाजारचौकात, फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर, रोज दुपारी बाराच्या सुमाराला माणसे माना वर करून उभी राहतात. घड्याळाचे टोले पडतात, दारे उघडतात आणि सात राजनिर्वाचकांच्या बाहुल्या सिंहासनावर बसलेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या मारून आत जातात. सम्राटाची निवड कोणी करायची हे ठरवणाऱ्या १३५६ च्या फर्मानाची ही आठवण, आणि हे यंत्र १५०९ पासूनचे. गेल्या महिन्यात बाबा महाडहून आले तेव्हा मी त्यांना सर्वप्रथम येथेच आणले. मी राहतो त्या एर्लांगेनहून गाडीने वीस मिनिटांत पोहोचता येत असल्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे दाखवतो, पण इतकी वर्षे मी ते नुसतेच पाहिले होते. या वेळी फोनवर शहराचा ऑडिओ टूर घेतला होता.

बाहुल्या आत गेल्या आणि कानातला आवाज त्याच संथ सुरात पुढे सांगू लागला. आपण उभे आहोत त्या जागी ज्यूंची वस्ती होती. बाजारासाठी जागा हवी म्हणून ती पाडण्याची परवानगी १३४९ मध्ये याच चौथ्या चार्ल्सने दिली, त्या वर्षी ५ डिसेंबरला नगरवासीयांनी किमान ५६२ ज्यूंना ठार केले आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागेवर हे चर्च उभे राहिले. बाबांना इंग्रजी वाचता उत्तम येते, परंतु या उच्चारांचा वेग त्यांना झेपत नाही, म्हणून एक वाक्य मागे राहून मी मराठीत सांगत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि विचारले, "हे यांनीच रेकॉर्ड केले आहे का? की कोणा ज्यू संस्थेने?" शहरातल्याच लोकांनी केले आहे असे मी सांगितले. बाबांनी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. ते काहीच बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे पुन्हा एकदा पाहिले.

मला स्वतःला धक्का बसला तो आकड्याने नव्हे, व्याकरणाने. आपल्या सवयीचे वाक्य "ज्यूंची हत्या करण्यात आली" असे असते. येथे वाक्याला कर्ता होता, आणि तो कर्ता म्हणजे याच गावचे लोक होते. मी मराठी करताना नकळत ते वाक्य कर्मणीत वळवले होते, हे नंतर माझ्या लक्षात आले.

किल्ल्यावर मात्र बाबा खुलले. तेथील खोल विहिरीत पाणी ओतून ते तळाशी पोहोचेपर्यंत किती सेकंद लागतात हे मोजायला लावतात, मग मेणबत्त्या ठेवलेले तबक खाली सोडतात आणि सुमारे पन्नास मीटर खोलीवर तो उजेड एका ठिपक्याएवढा होतो. हे सगळे जिवंत माणूस दाखवतो, यंत्र नाही. बाबा लगेच म्हणाले की रायगडावर नगारखान्यात काडी ओढली किंवा कागद फाडला तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येते, आणि ते दाखवणाऱ्या पोराला कानात काही घालावे लागत नाही. हे खरेच आहे. आपल्याकडच्या गडावरचा वाटाड्या प्रश्न विचारला तर उत्तर देतो, म्हातारे माणूस दिसले तर थांबतो, आणि हिरकणीची गोष्ट सांगताना स्वतःच गहिवरतो. येथील यंत्राला तुम्ही दमलात की नाही याच्याशी देणेघेणे नाही. शिवाय २ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात हे जुने शहर जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले असल्यामुळे आज जुने म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे पुन्हा बांधलेले आहे, तर आपला गड पडका असला तरी त्याचा दगड शिवकालीन आहे, असेही आम्ही दोघांनी एकमेकांना ऐकवले. २०२५ मध्ये युनेस्कोने शिवरायांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा येथील सहकाऱ्यांना मी पेढे वाटले होते, हे बाबांना सांगायला मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी फ्युर्थर स्ट्रासवरच्या न्यायालयात गेलो. नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्ग खटला जेथे चालला ते ६०० क्रमांकाचे दालन त्या इमारतीत आहे आणि वरच्या मजल्यावर २०१० पासून प्रदर्शन आहे. तेथे हातात ऑडिओ गाइड मिळाला. आत गेल्यावर एक गोष्ट उमगली आणि ती अजून मनातून जात नाही. २० नोव्हेंबर १९४५ ला येथे आरोपी ओळीने बसले तेव्हा त्यांच्याही कानांवर हेडफोनच होते. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी काम चालवायचे होते आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तत्क्षण भाषांतर तोवर कोणत्याही न्यायालयाने केले नव्हते. आयबीएमने यंत्रणा पुरवली. बारा-बारा दुभाष्यांच्या तीन तुकड्या आळीपाळीने काचेमागे बसत. बोलणारा फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे, आणि भाषांतर तुटलेच तर लाल दिवा लागून कामकाज थांबे.

बाबांना हे इतके आवडले की पुढचा तासभर मी वेगाने सांगू लागलो की ते बोट वर करून "पिवळा" म्हणत होते. एकदा "लाल"ही म्हणाले. ते तीन आरोपींच्या सुटकेचे वाक्य होते. बारा जणांना फाशी, सात जणांना कैद आणि तिघांची निर्दोष मुक्तता, हे त्यांना ठाऊक होते, पण ज्या दालनात हे घडले तेथे उभे राहून ऐकताना त्यांना बसावेसे वाटले.

मी या लोकांचे वाजवीपेक्षा जास्त कौतुक करतो असे घरी म्हणतात, म्हणून हेही लिहितो. हा खटला जर्मनांनी चालवला नव्हता, जेत्यांनी चालवला. त्याचे प्रदर्शन उभारायला पासष्ट वर्षे लागली. आणि सहाशे सत्तर वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचा अपराध सांगणे कोणालाही फारसे जड जात नाही. आपल्या घटना तर अजून शंभर वर्षांच्याही झालेल्या नाहीत.

परतीच्या गाडीत बाबांनी चष्मा काढला आणि विचारले, "चवदार तळ्यावर असे यंत्र ठेवले तर त्यात काय सांगायचे?" आमचे घर तळ्यापासून चालत सात मिनिटांवर आहे. बाबा वर्गात हा धडा कसा शिकवत ते मला पाठ आहे, कारण मीही त्यांच्याच वर्गात होतो. ते आरंभ नेहमी महाड नगरपालिकेपासून करत. १९२४ मध्येच नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, सुरबानाना टिपणीसांसारखी आमच्या गावची माणसे बाबासाहेबांच्या बाजूने उभी होती, हे ते आवर्जून सांगत. मग २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि सत्याग्रहींना मारहाण झाली. मग तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. मग १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, आणि तास संपे.

"मारहाण झाली, शुद्धीकरण करण्यात आले," बाबा स्वतःशीच म्हणाले. १०८ घागरी पंचगव्य त्या पाण्यात ओतले गेले. ते ओतणारे हात महाडचेच होते. बाबांच्या आजोबांचे तेव्हा बाजारपेठेत दुकान होते. ते त्या दिवशी मारणाऱ्यांत होते, ओतणाऱ्यांत होते, की फळ्या लावून घरी बसले होते, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मी म्हणालो की ते भिडस्त होते असे आपण ऐकत आलो, म्हणजे घरीच बसले असतील. बाबांनी मान हलवली, पण ती होकाराची होती असे मला वाटत नाही.

त्यांनी माझ्याकडून पेन मागितले आणि प्रदर्शनाच्या तिकिटामागे मराठीत लिहू लागले. "या तळ्याचे पाणी," एवढे लिहून थांबले, खोडले, आणि पुन्हा "महाडच्या" असे लिहिले. पुढचा शब्द "लोकांनी" लिहावा की "सवर्णांनी" की "आम्ही", यावर ते अडले होते. एर्लांगेन आले तेव्हा तिकीट त्यांनी घडी घालून खिशात ठेवले.