एसडीए म्हणजे नेमकी कोणती डिस्क? चार रात्रींचा हिशोब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सहा सर्व्हरवर लिनक्स टाकायचं काम घेतलं, तेव्हा मालकांना मी छातीठोकपणे दोन रात्री सांगितल्या होत्या. किकस्टार्टची, म्हणजे इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच लिहून देणारी फाइल जुनीच, हातखंडा असलेली. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करायचं आणि चहाला जायचं. रॅक, वायरिंग, नेटवर्क सगळं पहिल्या संध्याकाळीच उरकलं. अडलो ते एका अक्षरावर.

पाच सर्व्हर नवे, एकाच मॉडेलचे. प्रत्येकात सिस्टीमसाठी 480 जीबीची एसएसडी मदरबोर्डच्या पोर्टवर, आणि डेटासाठी 4 टीबीच्या दोन डिस्क वेगळ्या कार्डावर. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात, आणि माझ्या फाइलीत लिहिलेलं होतं : एसडीए साफ कर, त्यावर सिस्टीम टाक. तीन मशिनं गुपचूप झाली. चौथ्यानं इन्स्टॉलेशन 'यशस्वी' दाखवलं आणि रीबूटनंतर बूट करायला डिस्कच नाही म्हणालं. सिस्टीम गेली होती 4 टीबीच्या डिस्कवर. काहीही न बदलता पुन्हा चालवलं, तर या वेळी बरोबर एसएसडीवर! सरळ बिघडलेलं मशीन परवडतं हो. हे असलं नाही.

ज्यांनी सर्व्हर विकले त्यांच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर : "सर, केबल बदलून बघा." मे महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत मी खरंच सगळ्या केबल बदलल्या. दुसरी रात्र त्यातच गेली. त्या हेल्पलाइनवाल्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

सहाव्या सर्व्हरवर खरा घोळ झाला. तो जुना होता, त्याच्या डेटा डिस्कवर जॅकार्डची, म्हणजे टॉवेलात विणायच्या नक्षीची डिझाइनं होती. मी बेफिकीर नव्हतो. चालू सिस्टीममध्ये आधी पाहून घेतलं होतं : एसडीए म्हणजे एसएसडी, एसडीबी म्हणजे डिझाइनं. इन्स्टॉलर सुरू झाला, फाइलीतल्या क्लिअरपार्ट या पुसायच्या कमांडनं एसडीए पुसली, आणि पुसली गेली ती डिझाइनांची डिस्क. मालकांकडे दिवाळीत घेतलेली कॉपी होती म्हणून वाचलो. मधल्या महिन्यांची डिझाइनं गेलीच. ते एवढंच म्हणाले, "काय ओ, कॉम्प्युटरला डिस्कचं नाव वाचता येत नाही काय?"

नाव असतं तर वाचलं असतं. एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं हे आहे. ज्याचा रुमाल आधी पडला, पहिली सीट त्याची. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना वेगवेगळ्या कंट्रोलरचे ड्रायव्हर जवळपास एकाच वेळी डिस्क शोधत असतात. जी आधी सापडेल ती एसडीए, मग एसडीबी. कार्डानं क्षणभर आधी उत्तर दिलं की क्रम उलटा. चालू सिस्टीममधला क्रम इन्स्टॉलरमध्ये राहीलच असं नाही. त्यात पेनड्राइव्हसुद्धा याच रांगेत एक अक्षर अडवतो. तिसऱ्या रात्री एकच मशीन सात वेळा रीबूट करून बूटचे मेसेज वहीत उतरवले, तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं. केबल बिचाऱ्या निर्दोष होत्या.

यावर उपाय आहेत. लिनक्सच्या डेव्ह-डिस्क फोल्डरखालच्या बाय-आयडीमध्ये मॉडेल आणि सिरियल नंबरवरून पक्की नावं मिळतात. एकच सर्व्हर असेल तर तेच वापरा. पण सिरियल प्रत्येक डिस्कचा वेगळा, म्हणजे सहा सर्व्हरना सहा फाइली. तिथलाच बाय-पाथ डिस्क पोर्टवरून ओळखतो. एकसारख्या मशिनांना चालतो, माझ्या जुन्याला चालला नसता. शेवटी किकस्टार्टच्या प्री भागात, म्हणजे इन्स्टॉलेशनआधी चालणाऱ्या भागात, छोटी स्क्रिप्ट टाकली : डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके कमांड चालव, यूएसबीवरच्या डिस्क वगळ, उरलेल्यांतून 500 जीबीपेक्षा लहान ती निवड आणि तिचं नाव एका फाइलीत लिही. मुख्य फाइल तीच इन्क्लुड करते. अशी डिस्क एकही नसेल किंवा दोन असतील, तर काहीही न पुसता थांब. ही शेवटची ओळ गाळू नका.

पहिल्या झटक्यात स्क्रिप्टला एकही डिस्क मिळाली नाही, कारण मी '480जी' शोधत होतो आणि एलएसबीएलके तीच डिस्क 447.1जी दाखवतं. आकडा बाइटमध्ये मागा. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या प्रीसीडमध्येही, म्हणजे तिथल्या किकस्टार्टमध्येही, हाच रोग आहे, उपाय अर्ली कमांडमध्ये. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये सिरियल किंवा 'सर्वांत लहान डिस्क' असं सरळ लिहिता येतं.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं : एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, इन्स्टॉलर स्वतः यूयूआयडी हा न बदलणारा ओळख-क्रमांक लिहितो, पण डेटा डिस्कची ओळ मी हातानं एसडीबी-वन (एसडीबीचा पहिला भाग) अशी लिहिली होती. एका रीबूटला नाव फिरलं आणि सर्व्हर नीट सुरू न होता थेट इमर्जन्सी मोडमध्ये. तिथेही यूयूआयडीच लिहा.

चौथ्या रात्री सहावा सर्व्हर पुन्हा केला. स्क्रिप्टवर भरवसा होता, तरी डिझाइनांची डिस्क खोलून बाहेर काढली आणि नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून वॉचमन मामांच्या टेबलावर ठेवली. इन्स्टॉलेशन संपेपर्यंत मामांनी तिला हात लावू दिला नाही, मलासुद्धा.