तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग शिकले का मी?

"काऊन वं, कोडिंग शिकली का तू?" बाजार समितीत कापूस घेऊन येणारे मामा असोत की पुण्यात शिकणारी भाची, सगळ्यांचा हाच प्रश्न. हिंगणघाटजवळच्या गावात राहून मी कंपन्यांचे ताळेबंद एक्सबीआरएलमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला कॉम्प्युटरला वाचता येईल अशी खूण लावायच्या पद्धतीत तयार करते, म्हणून.

नाही, कोडिंग मला येत नाही. बी.कॉम. झाले आणि आठ वर्षं एका सीएंच्या ऑफिसात व्हाउचर लावले. जे आलं ते तिथून आलं. ही पद्धत सुचली तीही एका हिशेबनिसालाच: १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या टॅकोमाचे अकाउंटंट चार्ल्स हॉफमन यांना. आपल्याकडे २०१०-११ या आर्थिक वर्षापासून ती सक्तीची झाली, शेअर बाजारात नोंदलेल्या, किंवा किमान ५ कोटी भागभांडवलाच्या, किंवा किमान १०० कोटी उलाढालीच्या कंपन्यांना. कापसाच्या धंद्यात नफा बारीक पण उलाढाल दांडगी, त्यामुळे मोठं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, त्यात सहज येतो.

काटापट्टीवर नुसतं '१८.४०' लिहिलं तर कोणी पैसे देईल का? नाव लागतं, तारीख लागते, क्विंटल की किलो ते लागतं. एक्सबीआरएलमध्येही प्रत्येक आकड्याला असाच पत्ता द्यायचा. टॅक्सॉनॉमी म्हणजे ठरलेल्या नावांची यादी. त्यातलं नेमकं नाव, कंपनी, काळ आणि एकक. त्यातही शिल्लक गाठी ३१ मार्च या एका दिवसाच्या, आणि कापूस खरेदी अख्ख्या वर्षाची. हा फरक ज्याला कळतो त्याचं निम्मं शिक्षण झालं.

पहिल्याच वर्षी माझा खर्चाचा एकूण आकडा जुळेना. ८४ लाखांचा फरक. दोन दिवस मी एकेक बिल पुन्हा काढून पाहिलं. तिसऱ्या रात्री ८४ चे निम्मे करून बघितले: ४२. रुई आणि सरकीचा साठा त्या वर्षी बरोबर ४२ लाखांनी वाढला होता. साठ्यातला बदल खर्चाच्या रकान्यात येतो, पण साठा वाढला की खर्च कमी होतो, म्हणून तिथे उणे चिन्ह हवं. मी अधिक ठेवलं होतं, त्यामुळे फरक दुप्पट पडला. हे कॉम्प्युटरच्या ज्ञानाने सापडलं नसतं, जमाखर्चाच्या ज्ञानाने सापडलं.

शिकायचंच असेल तर ओळखीच्या कंपनीचा छापील ताळेबंद घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक ओळीसमोर टॅक्सॉनॉमीतलं नाव लिहा. अडलं की 'इतर खर्च'मध्ये ढकलायची सवय मात्र लावून घेऊ नका, याबाबत मी फार कडक आहे. वीज, दुरुस्ती, भाडं यांना स्वतःची नावं असताना सगळं 'इतर'मध्ये कोंबलं, तर पुढच्या माणसाला दोन कंपन्यांची तुलनाच करता येत नाही. आणि तुलनेसाठीच तर हा सगळा खटाटोप.

वाचायलाही शिका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या निकालांच्या एक्सबीआरएल फायली बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. खाजगी कंपनीची कागदपत्रं कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून बघता येतात.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला एक्सबीआरएल लागत नाही, ती लहान आहे. पण एका मिलने उधारीवर कापूस मागितला, तेव्हा मी त्या मिलचे तीन वर्षांचे आकडे काढून संचालकांच्या बैठकीत ठेवले. व्यापारी देणी, म्हणजे घेतलेल्या मालाचे चुकवायचे राहिलेले पैसे, तिन्ही वर्षं कमीच. सगळे खूश झाले. आमच्या संचालक काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे देणं कोन्या तारखेचं हाय?"

"३१ मार्चचं, काकू."

"तवा तं हंगाम सरलेला असते. दिवाळीनंतरचं दाखव."

मी गप्प झाले. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असती तर ३० सप्टेंबरचा ताळेबंद तरी मिळाला असता. डिसेंबरचा, ऐन खरेदीतला, कुठल्याच फायलीत नव्हता. सोमवारी काकू आणि मी तो मागायला मिलमध्ये गेलो.