स्कॅन स्वच्छ आला, पैसे मात्र गेले

लेखा विभागातल्या मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. "सर, लगेच या. माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय." एका जुन्या पुरवठादाराचं मोठं बिल त्यांनी चुकतं केलं होतं आणि त्या सकाळी पुरवठादारानेच विचारलं होतं, आमचे पैसे कधी सोडताय? रक्कम गेली होती, पण भलत्याच खात्यात.

कार्यालयांच्या संगणकांची देखभाल हे माझं काम. पोहोचलो तेव्हा मॅडमच्या टेबलाभोवती सगळे उभे होते आणि पडद्यावर अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन चालू होतं. बँकेला कुणी कळवलं का, असं विचारलं तर उत्तर आलं, "स्कॅन संपल्यावर कळवू." ते ऐकून मी अस्वस्थ झालो. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. चोर आलेली रक्कम पटापट पुढच्या खात्यांत सरकवत राहतो. आधी बँकेला फोन करायला लावला, मग पोलिसांत तक्रार नोंदवायला एकाला पाठवलं.

तेवढ्यात स्कॅन संपलं. एकही धोका आढळला नाही. साहेब चिडले. "म्हणजे हा अँटिव्हायरस कुचकामीच! चांगला महागातला टाका. नाहीतर याच्या जोडीला आणखी एक टाका."

मला मात्र तो निकाल उपयोगाचा वाटला. प्रोग्राम अद्ययावत होता, तो यंत्रात काही नाही म्हणत होता, तर मी आधी यंत्राबाहेर शोधायचं ठरवलं. मॅडमनी ज्या मेलवर विसंबून पैसे पाठवले होते, तो "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" हा पुरवठादाराच्या नावाचा मेल उघडला. तो जुन्या पत्रव्यवहाराच्या साखळीतच आला होता. खाली आधीचे सगळे खरे मेल, बिलाचा क्रमांकही बरोबर. फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एम या अक्षराच्या जागी आर आणि एन ही अक्षरं शेजारी शेजारी होती. बारीक टायपात ती हुबेहूब एमसारखी दिसतात. पण साखळीत घुसायचं तर दोघांपैकी कुणाचा तरी मेल आधी वाचलेला हवा.

मग मॅडमच्या मेलबॉक्समधले नियम पाहिले. तिथे एक नियम होता, ज्याचं नाव म्हणजे नुसता एक ठिपका. पुरवठादाराचं नाव असलेला कोणताही मेल आला की तो वाचलेला म्हणून खूण कर आणि 'आरएसएस फीड्स' या फोल्डरमध्ये हलव. त्या फोल्डरकडे कोण बघतं? पुरवठादाराने पाठवलेली सगळी स्मरणपत्रं तिथे निवांत पडून होती. लॉगिनच्या नोंदींमध्ये कार्यालयातलं कुणीही कधी गेलं नव्हतं अशा ठिकाणांहून झालेले प्रवेश दिसत होते.

खोदून विचारल्यावर मॅडमना आठवलं. काही आठवड्यांपूर्वी कुणीतरी कागदपत्र शेअर केल्याचा मेल आला होता, लिंकवर लॉगिन मागितलं होतं. "पण सर, मी ओटीपीसुद्धा टाकला होता. मग कसं काय?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो इतक्या लोकांना पडतो की इथे सविस्तर सांगतो. ते खोटं पान मध्ये बसून काम करतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या साइटला देतं, खरी साइट ओटीपी मागते तोही तुमच्याकडून घेऊन पुढे सरकवतं. साइटला सगळं बरोबर वाटतं आणि ती 'हा माणूस आत आला आहे' अशी खूण, म्हणजे सेशन कुकी, देते. ती कुकी चोर स्वतःजवळ ठेवतो. ती चालू आहे तोवर त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको.

या सगळ्यात मॅडमच्या संगणकावर एकही फाइल उतरली नाही, एकही प्रोग्राम चालला नाही. ठिपक्याचा नियम मेल कंपनीच्या सर्व्हरवर होता. अँटिव्हायरस फाइली आणि चालणारे प्रोग्राम तपासतो, ओळखीच्या घातक खुणा शोधतो, संशयास्पद वागणूक दिसली तर अडवतो. काही अँटिव्हायरस माहीत असलेल्या खोट्या साइटही रोखतात, पण नुकतंच उभं केलेलं पान त्यांच्या यादीत बहुधा नसतं.

साहेबांना हे तोंडी पटेना, म्हणून आयकार चाचणी करून दाखवली. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे तपासण्यासाठी ठरवलेली ही 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ. नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करताच अँटिव्हायरसने फाइल उचलली. मग मेलबॉक्समध्ये तसाच एक नियम त्यांच्यासमोर तयार केला. अँटिव्हायरस गप्प. साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

दोन अँटिव्हायरस एकत्र टाकायला मी ठाम नकार दिला. हे प्रोग्राम सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, मोठे अधिकार घेऊन काम करतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्या पातळीवरची चूक किती महाग पडते हे जगाने पाहिलं आहे. एप्रिल 2010 मध्ये मॅकअफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली आणि असंख्य संगणक बंद पडले. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं कोलमडली. म्हणून असलेला काढून टाका असंही मी म्हणत नाही. याच कार्यालयात पेन ड्राइव्हवरून आलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, त्याने आधी अडवला होता. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू ठेवला आणि अपडेट वेळेवर घेतले तरी बहुतेकांचं भागतं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला, तेव्हा तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

उरलेला दिवस साफसफाईत गेला. सगळी चालू सेशन्स बंद केली, मग पासवर्ड बदलला. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, चोरलेली कुकी त्यानंतरही चालू राहू शकते. नियम काढला. दुहेरी पडताळणीत एक अनोळखी फोन जोडलेला सापडला, तोही काढला. पुरवठादाराला फोन करून त्यांचेही मेल तपासायला सांगितलं.

मॅडम मात्र स्वतःला दोष देत राहिल्या आणि ते मला बघवत नव्हतं. मी सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं, की ते पान बघून मीही ओळखलं नसतं, ओळखायची जबाबदारी माणसाच्या डोळ्यांवर टाकणंच चूक आहे. याला पुरावा तिथेच मिळाला. तीच लिंक शेजारच्या विभागातल्या एकाने उघडली होती. त्याचा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्राम, त्या पानावर पासवर्ड भरेचना, कारण पत्ता वेगळा होता. लिंक बिघडली असेल असं समजून त्याने ती बंद केली होती.

बँकेला रकमेचा काही भाग गोठवता आला, बाकी पुढे निघून गेला होता. महागड्या अँटिव्हायरससाठी साहेब जे पैसे मोजणार होते, त्यात लेखा विभागासाठी सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना ओळख पटवणारी छोटी उपकरणं, घेतल्या. ही की खऱ्या साइटच्या पत्त्याशीच जोडलेली असते, त्यामुळे मधल्या खोट्या पानाला ती उत्तरच देत नाही. शिवाय खाते क्रमांक बदलल्याचं कुणीही कळवलं, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा लेखी नियम झाला. त्याचा मसुदा मॅडमनीच लिहिला.