हो, पाहिले मी फोटो

‘तुम्ही फेसबुकवर असता, इन्स्टाग्रामवर असता, व्हॉट्सअ‍ॅपच्या डझनभर गटांत असता, मग प्रत्यक्षातली माणसे कशी सांभाळता?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुधा तासांचा हिशेब हवा असतो: रोज किती मिनिटे, रात्री किती वाजता बंद, आठवड्यातून एखादा दिवस उपास वगैरे. तसा हिशेब माझ्याकडे नाही. (ठेवून पाहिला होता; पंधरा दिवसांत तो हिशेबच फोनमधले आणखी एक काम होऊन बसला.)

वेळेचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असे नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोज सरासरी तासभर वाचला. त्यातला काही घरच्यांत आणि मित्रमंडळींत गेला, काही एकट्याने टीव्ही पाहण्यात. मनाला बरे वाटले, पण थोडेच. मला यातला टीव्ही महत्त्वाचा वाटतो, कारण मोकळा झालेला तास काही आपण होऊन उठून माणसांकडे जात नाही.

माझी अडचण वेळेची नव्हतीच. ती मला कळली एका जुन्या मैत्रिणीमुळे. तिने एकदा वडिलांचा फोटो टाकला होता: बागेतली पायवाट, हातात काठी, चेहऱ्यावर ऊन, आणि खाली ओळ, ‘बाबा आता फिरायला लागले.’ मी बदाम टाकला आणि मनातल्या मनात ती काळजी मिटवून टाकली. तीन महिन्यांनी आम्ही भेटलो तेव्हा ती म्हणाली, ‘बाबांचं काय झालं माहितीये...’ आणि मी तिला पुढे बोलूच दिले नाही. ‘हो, पाहिले मी फोटो! काय छान दिसतात गं.’ ती क्षणभर थांबली, ‘हो ना,’ म्हणाली आणि आम्ही दुसऱ्याच विषयावर गेलो. खूप उशिरा, तेही तिसऱ्याच व्यक्तीकडून, मला समजले की समोर उभी राहून फोटो काढणाऱ्या आपल्या मुलीला त्यांनी त्या दिवशी ओळखले नव्हते.

फोटो खोटा नव्हता आणि ती ओळही खोटी नव्हती. ते खरोखरच फिरायला लागले होते. पण तिची खबर मला आधीच मिळालेली असल्यामुळे तिला काही विचारायचे राहिले आहे असे मला वाटलेच नाही, आणि विचारले नाही म्हणून तिलाही सांगता आले नाही. एरवी तीन महिन्यांनी भेटणाऱ्या दोन मैत्रिणींचे पहिले वाक्य ‘बाबा कसे आहेत?’ हे असते. ते वाक्य माझ्याकडून त्या बदामाने काढून घेतले होते.

फेसबुकने ‘लाइक’चे बटण २००९ साली आणले. त्यात सोय होती हे मान्यच करायला हवे, कारण शंभर जणांनी तेच ते ‘अभिनंदन’ लिहिण्यापेक्षा एक बोट टेकवणे सुटसुटीत. मात्र मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात असे दिसले की जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेल्या चार शब्दांनी माणसाला बरे वाटते, तर लाइकने किंवा सर्वांसाठी टाकलेले वाचण्याने तसा फरक पडत नाही. (बर्क फेसबुकमध्येच काम करत होत्या, हे ध्यानात ठेवून वाचावे.)

तेव्हापासून मी एवढेच करते, की जी दहा-बारा माणसे माझी आहेत असे मी मानते, त्यांच्या पोस्टवर बदाम टाकून मोकळी होत नाही. फोन करते, आणि भेट ठरलेली असेल तर ते विषय भेटीसाठी राखून ठेवते. बाकीच्या शेकडो ओळखीच्यांना मी खुशाल अंगठे देते. तिथे तेवढेच नाते आहे आणि त्यात कमीपणा नाही. माझ्या एका स्नेह्यांना ऐकू कमी येते. त्यांच्याशी रात्री अर्धा तास चालणारे चॅट हीच आमची भेट असते, त्यामुळे पडद्यावरचे सारे खोटे असे मी कधी म्हणणार नाही.

फोन करायला पहिल्यांदा फार अवघड वाटले. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ मधल्या प्रयोगांतही हेच आढळले होते: जुन्या मित्राशी फोनवर बोलताना अवघडल्यासारखे होईल असे लोकांना आधी वाटायचे, प्रत्यक्षात ईमेलपेक्षा जास्त अवघडलेपण आले नाही आणि आवाज ऐकून जवळीक मात्र अधिक वाटली.

गेल्या महिन्यात त्याच मैत्रिणीने एक फोटो टाकला. नुसती खिडकी, गजांच्या सावल्या, खाली एक शब्दही नाही. मी फोन केला.

‘फोटो पाहिलास वाटतं?’

‘पाहिला. पण कुठली खिडकी ती?’

ती सांगू लागली. पाऊण तास बोलत होती, आणि खिडकीचा विषय त्यात दोनच मिनिटे होता.